वाकडा जाणारा चेंडू : गोल्फमधील एका दोषाचा इतिहास

गोल्फ हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी दूरदर्शनच्या पडद्यावरच पाहिला असेल. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सर्वात जुना गोल्फ क्लब १८२९ साली आपल्याच देशात, कलकत्त्याला निघाला. तरीही हा खेळ विटी-दांडूसारखा किंवा क्रिकेटसारखा आपल्या गल्लीत कधी आला नाही. खेळ दिसायला अगदी सोपा आहे. चेंडू जमिनीवर स्थिर पडलेला असतो, कोणी तो टाकत नाही, कोणी अडवत नाही. खेळाडूने लांब काठी, म्हणजे क्लब, मागे न्यायचा आणि झोकाने खाली आणून चेंडू हाणायचा. या सबंध हालचालीला 'स्विंग' म्हणतात. नवशिक्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत चेंडू थोडे अंतर जातो आणि मग हवेतच उजवीकडे वळून झुडपात नाहीसा होतो. या दोषाला 'स्लाइस' असे नाव आहे. (उजव्या हाताने खेळणारा खेळाडू येथे गृहीत धरला आहे. डावखुऱ्याने उजवे-डावे बदलून घ्यावे.) उलट दिशेला, डावीकडे वळणाऱ्या चेंडूला 'हुक' म्हणतात.

चेंडू का वळतो याचे उत्तर विज्ञानाला फार पूर्वी सापडले. पण तो दोष कसा सुधारावा याविषयी गोल्फ शिकवणारे बरेचसे शिक्षक शंभर वर्षांनंतरही चुकीचा नियम सांगत होते. हे कसे घडले, ते शाळेत शिकवणाऱ्यांनी पाहण्यासारखे आहे.

वळणाऱ्या चेंडूची नोंद न्यूटनच्याच लेखनात सापडते. प्रकाश आणि रंग यांविषयी १६७२ साली रॉयल सोसायटीला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात त्याने तिरप्या रॅकेटने मारलेला टेनिसचा चेंडू वक्र मार्गाने जातो, असे जाता जाता म्हटले आहे. पुढे १७४२ साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज तोफशास्त्रज्ञाने बंदुकीच्या गोळीविषयी तेच दाखवले. त्याने बंदुकीची नळी टोकाशी डावीकडे वाकवली. गोळी प्रथम डावीकडे निघाली, पण पुढे उजवीकडे वळली, कारण नळीच्या कडेला घासून तिला गिरकी मिळाली होती. ऑयलरने रॉबिन्सच्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले, पण हे स्पष्टीकरण मात्र नाकारले. ऑयलरसारख्याने नाकारल्यावर ते मागे पडले यात नवल नाही. १८५२ च्या सुमारास बर्लिनच्या गुस्टाव्ह मॅग्नसने वाऱ्याच्या झोतात फिरते नळकांडे ठेवून पुन्हा प्रयोग केले, आणि त्या परिणामाला त्याचेच नाव मिळाले. फिरणारी वस्तू आपल्याभोवतीची हवा एका अंगाला वळवते आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून स्वतः दुसऱ्या अंगाला ढकलली जाते. फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडण्याआधीच हवेत सरकतो, तो याच कारणाने.

हे वर्गात दाखवायला कोरा कागद पुरतो. त्याची हलकी सुरनळी करून कडा चिकटवाव्यात. टेबलावर एक फळी तिरपी ठेवून तिच्यावरून सुरनळी गडगडू द्यावी. फळीचे खालचे टोक टेबलाच्या कडेशी यावे. सुरनळी कडेवरून सुटली की पुढे जाऊन पडेल अशी मुलांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात ती वळून टेबलाच्या खाली शिरते.

मॅग्नसचा परिणाम गोल्फला लावला तो पीटर गथ्री टेट यांनी. टेट हे १८६० पासून एडिंबरा विद्यापीठात भौतिकीचे प्राध्यापक होते. त्या जागेसाठी त्यांच्या विरुद्ध अर्ज करणाऱ्यांत खुद्द मॅक्सवेल होता. लॉर्ड केल्व्हिन यांच्या जोडीने त्यांनी लिहिलेला भौतिकीचा ग्रंथ पिढ्यानपिढ्या वापरला गेला, आणि गणितात गाठींचे वर्गीकरण करणाऱ्यांत ते अगदी पहिल्या फळीतले होते. उन्हाळ्याच्या सुटीत हे गृहस्थ सेंट अँड्रूजच्या मैदानावर मुक्काम ठोकत. दिवस पुरत नाही म्हणून त्यांनी चेंडूंना अंधारात चमकणारे रसायन फासून रात्री खेळण्याचाही उद्योग केला होता.

१८८७ साली 'नेचर' या साप्ताहिकात त्यांनी गोल्फवर लेख लिहिला आणि त्यात स्लाइसचे कारण सांगितले. क्लबचे तोंड चेंडूवरून तिरपे घासत गेले की चेंडू उभ्या अक्षाभोवती फिरू लागतो आणि मग हवा त्याला बाजूला ढकलते. एवढे सांगून ते थांबले नाहीत, कारण त्यांना दुसरेच एक कोडे सतावत होते. चांगल्या खेळाडूने मारलेला चेंडू सहा सेकंदांहून अधिक काळ हवेत राहतो. हे कसे जमते?

ही आकडेमोड अकरावीचा विद्यार्थीही करू शकेल. चेंडूचा वेग सेकंदाला २४० फूट, म्हणजे सुमारे ७३ मीटर धरू. तो जमिनीशी १० अंशांचा कोन करून निघाला असे मानू. हवेचा अडथळा नसता तर तो सुमारे २.६ सेकंदांत परत जमिनीवर आला असता आणि सुमारे १८६ मीटर गेला असता. हवेने तर तो आणखी लवकर खाली यायला हवा. मग वरचे साडेतीन सेकंद आले कोठून? टेट यांनी अनेक तर्क लढवले आणि अखेर उत्तर गिरकीतच सापडले. चांगला फटका चेंडूला उलटी फिरकी देतो, म्हणजे चेंडूचा वरचा भाग खेळाडूकडे येत असतो. अशा चेंडूला हवा वर उचलते. बाजूला वळवणारे आणि हवेत तोलून धरणारे बल एकच, फक्त अक्षाची दिशा वेगळी.

याची खात्री करण्यासाठी त्यांनी जो प्रयोग केला तो मला त्यांच्या सगळ्या समीकरणांपेक्षा आवडतो. चेंडूला एका लांब फितीचे टोक बांधले, दुसरे टोक जमिनीला. फितीला पीळ नाही हे पाहून घेतले. मग एका कसलेल्या खेळाडूला तो चेंडू एक-दोन यार्डांवरच्या घट्ट चिकणमातीच्या भिंतीत मारायला सांगितला. चेंडू मातीत रुतला की फितीला किती आणि कोणत्या दिशेने पीळ पडला ते मोजायचे. सहा फुटांत एक ते तीन गिरक्या आढळल्या, आणि त्या प्रत्येक वेळी उलट्या फिरकीच्याच होत्या. सेकंदाला २४० फूट वेगाने सहा फूट जायला एक-चाळिसांश सेकंद लागतो. म्हणजे सेकंदाला ४० ते १२० गिरक्या. कॅमेरा नाही, वीज नाही, फक्त एक फीत आणि चिखल.

टेट यांचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ साली ब्रिटनचा हौशी अजिंक्यवीर झाला. १८९३ च्या जानेवारीत गोठलेल्या मैदानावर त्याने मारलेला एक चेंडू घरंगळण्यासह ३४१ यार्डांवर थांबला. प्राध्यापक बापाने गणिताने ठरवलेली मर्यादा मुलाने दुसऱ्याच दिवशी ओलांडली, अशी गोष्ट गोल्फच्या पुस्तकांतून चवीने सांगितली जाते. गोष्ट छान आहे, पण अन्याय करणारी आहे. बापाची मर्यादा फिरकी नसलेल्या चेंडूची होती, आणि फिरकी असते हे सिद्ध करणाराही बापच होता. फ्रेडी १९०० च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात मारला गेला. पुढच्या वर्षी टेट वारले.

१९१० साली इलेक्ट्रॉनचा शोध लावणाऱ्या जे. जे. थॉमसन यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गोल्फच्या चेंडूवर जाहीर व्याख्यान दिले. सभागृहात चेंडू मारता येत नाही, म्हणून त्यांनी ऋण कणांचा झोत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांनी वाकवून स्लाइस, हुक आणि लांब फटका यांचे मार्ग श्रोत्यांना दाखवले. तोपर्यंत चेंडूही बदलला होता. गटापर्चाच्या गुळगुळीत चेंडूपेक्षा ओरखडे पडलेला जुना चेंडू चांगला उडतो हे खेळाडूंच्या आधीच लक्षात आले होते. १९०५ साली विल्यम टेलर यांनी खळग्यांच्या चेंडूचे पेटंट घेतले.

म्हणजे हवेतला भाग १९१० पर्यंत पुष्कळसा उलगडला होता. राहिला तो जमिनीवरचा भाग, क्लब आणि चेंडू यांच्या भेटीचा. ही भेट सेकंदाच्या सुमारे दोन-हजाराव्या भागाची असते. क्लबचे डोके सेकंदाला ४५ मीटर वेगाने येत असेल तर तेवढ्या वेळात ते जेमतेम दोन सेंटिमीटर सरकते. डोळ्याला यातले काही दिसत नाही. हाताला जाणीव होऊन त्याने काही सुधारणा करावी, तर त्याला निदान सेकंदाचा दहावा भाग लागतो आणि तोवर चेंडू सहा-सात मीटरांवर गेलेला असतो. ऐन फटक्याच्या क्षणी मनगट वळवून चेंडू सरळ करण्याचा सल्ला देणारे आजही भेटतात. निसर्गाने ती सोय ठेवलेली नाही.

१९३० च्या दशकात अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांनी स्ट्रोबोस्कोपच्या प्रकाशात स्विंगची छायाचित्रे घेतली. बॉबी जोन्स आणि डेन्समोर श्यूट या नामवंत खेळाडूंची १९३८ ची चित्रे प्रसिद्ध आहेत. एकाच चौकटीत क्लबच्या अनेक प्रतिमा पंख्याच्या काड्यांसारख्या उमटतात. दोन प्रतिमांमधले अंतर मोजले की वेग मिळतो. डेव्हिड विल्यम्स यांनी १९६७ साली जोन्सच्या अशाच चित्रावरून स्विंगचे गणित मांडले. पुढच्याच वर्षी ॲलेस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज यांचे 'परिपूर्ण स्विंगचा शोध' या अर्थाच्या नावाचे पुस्तक निघाले. ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांच्या गटाने गोल्फवर केलेल्या संशोधनाचा तो वृत्तांत होता. त्यांनी स्विंगला दुहेरी लंबक मानले. खांद्यांपासून हातापर्यंतचा एक दांडा, त्याला मनगटाची बिजागरी, आणि तिला जोडलेला क्लब हा दुसरा दांडा.

दोन पट्ट्या एका खिळ्याने सैल जोडून वरची पट्टी झटक्याने फिरवा. खालची आधी मागे रेंगाळते आणि अखेरीस आपण होऊन पुढे फेकली जाते. ती वेग घेते तशी वरची मंदावते. वरच्या दांड्याची ऊर्जा खालच्यात उतरते. गोफण फिरवणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. नवशिका गोल्फपटू मात्र वरून खाली येताना सुरुवातीलाच मनगट सोडून देतो. त्यामुळे क्लबचे डोके आपला सर्वाधिक वेग चेंडूपर्यंत पोचण्याआधीच गाठून बसते. दुसरा एक मोठा दोष तो हाच, आणि त्यावर उपायही सरळ आहे. मनगटाने जोर काढू नये, ते आपोआप उलगडू द्यावे.

स्लाइसचे तसे झाले नाही. गोल्फच्या शिक्षणात एक नियम पक्का बसला होता. क्लब ज्या दिशेने चालला असेल त्या दिशेने चेंडू निघतो, आणि क्लबचे तोंड ज्या दिशेला वळलेले असेल तिकडे तो पुढे वळतो. निघण्याची दिशा क्लबच्या मार्गावरून, वळण तोंडावरून. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या 'पीजीए' या संघटनेच्या १९९० च्या सुमाराच्या शिक्षक-पुस्तिकेतही हेच होते. नियम सुटसुटीत आहे, लक्षात राहतो, आणि परीक्षेत विचारायला सोयीचा आहे. तो चुकीचा आहे.

कॅरम खेळणाऱ्याला हे लगेच कळेल. स्ट्रायकर तिरपा येऊन सोंगटीला लागला तर सोंगटी कोणीकडे जाते? स्ट्रायकरच्या दिशेने नव्हे, तर दोघांची केंद्रे जोडणाऱ्या रेषेत, म्हणजे स्पर्शबिंदूपाशी पृष्ठभागाला काटकोनात. आघाताचे मुख्य बल पृष्ठभागाला लंब असते. पृष्ठभागाला समांतर बल फक्त घर्षणाचे. गोल्फच्या क्लबवर घर्षण भरपूर असते, पण ते चेंडूला ढकलण्यापेक्षा फिरवण्यात अधिक खर्ची पडते.

याचा हिशेब मांडू. क्लबचा वेग दोन भागांत तोडावा, तोंडाला लंब आणि तोंडाला समांतर. क्लबचे डोके सुमारे २०० ग्रॅमचे आणि चेंडू सुमारे ४६ ग्रॅमचा. चेंडू चांगलाच उसळणारा असल्याने लंब दिशेत त्याला क्लबच्या लंब वेगाच्या दीडपटीच्या आसपास वेग मिळतो. समांतर दिशेत घर्षणाने चेंडू तोंडावर घसरायचा थांबून घरंगळू लागतो. भरीव गोलाचे जडत्व लक्षात घेतले तर त्या क्षणी त्याला क्लबच्या समांतर वेगाचा फक्त दोन-सप्तमांश हिस्सा मिळालेला असतो. बाकीचा गिरकीत जातो. दोन-सप्तमांशाला दीडने भागले की सुमारे ०.१९ येते. म्हणजे क्लबची दिशा आणि तोंडाची लंब दिशा यांत जो कोन आहे, त्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढाच चेंडू क्लबच्या दिशेकडे झुकतो. चार-पंचमांश हुकूम तोंडाचा. मग वळण कशाने ठरते? त्याच कोनाने. तोंड आणि मार्ग यांत जितका फरक, तितकी बाजूची गिरकी. (चेंडू क्लबच्या तोंडाच्या मध्यावर लागला तरच हे खरे. कडेला लागला तर क्लबचे डोके स्वतःच फिरते आणि चेंडूला वेगळी गिरकी मिळते.)

जुन्या नियमाने काय नुकसान केले ते एका उदाहरणावरून दिसेल. एका खेळाडूचा चेंडू झेंड्याच्या दिशेने सरळ निघतो आणि पुढे उजवीकडे वळतो. जुना शिक्षक म्हणेल, चेंडू सरळ निघाला, म्हणजे क्लबचा मार्ग बरोबर आहे. तो उजवीकडे वळला, म्हणजे तोंड उजवीकडे उघडे आहे. तेव्हा पकड बदल आणि तोंड मीट. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. तोंड जवळजवळ झेंड्याकडेच आहे, मार्ग मात्र डावीकडे, बाहेरून आत येणारा आहे. मार्ग ६ अंश डावीकडे असेल तर चेंडू सरळ निघण्यासाठी तोंड उजवीकडे फक्त दीड अंश लागते. आता शिष्याने गुरूचे ऐकून तोंड मिटले की चेंडू डावीकडे निघू लागतो. तो घाबरून आणखी काहीतरी बदलतो. जे नीट होते ते बिघडवले आणि जे बिघडले होते त्याला हात लावला नाही.

गुरू न केलेला, आपल्या बुद्धीने चालणारा खेळाडूही सुटत नाही. चेंडू उजवीकडे जातो म्हणून तो पुढच्या वेळी पाय आणि खांदे थोडे डावीकडे वळवून उभा राहतो. त्याने क्लबचा मार्ग आणखी डावीकडे जातो, तोंड आणि मार्ग यांतला कोन वाढतो, आणि चेंडू अधिकच उजवीकडे वळतो. पुन्हा आणखी डावीकडे. असे वर्षानुवर्षे चालते.

चांगल्या खेळाडूंसाठी झाडाचे उदाहरण असे. झेंड्याच्या रेषेत वाटेवर झाड आहे आणि चेंडू त्याच्या डावीकडून घालून उजवीकडे वळवायचा आहे. पुस्तके सांगत, तोंड झेंड्याकडे ठेवा आणि स्विंग झाडाच्या डावीकडे करा. समजा झाड १०० मीटरवर आहे आणि मार्ग ६ अंश डावीकडे धरला. जुन्या नियमाने चेंडू झाडापाशी रेषेच्या १० मीटर डावीकडे असायला हवा. आपल्या हिशेबाने तो सुमारे १.१ अंशानेच डावीकडे निघेल, म्हणजे झाडापाशी फार तर दोन मीटर. वळण त्यातलेही काही खाऊन टाकेल. चेंडू फांद्यांत. खेळाडू स्वतःला दोष देत असे, नियमाला नाही. गंमत अशी की मोठमोठे खेळाडू हा फटका बिनचूक मारत आणि लिहिताना मात्र जुना नियम लिहीत. हाताला जे ठाऊक होते ते लेखणीला नव्हते.

बेन होगन यांची गोष्ट थोडी वेगळी, पण याच जातीची. हे अमेरिकेचे थोर खेळाडू. १९४९ साली त्यांची मोटार बसवर आदळून ते मरता मरता वाचले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी यू. एस. ओपन जिंकली. त्यांचा स्वतःचा जुना दोष हुकचा होता. वर्षानुवर्षे खपून, पकड बदलून त्यांनी तो घालवला. १९५७ साली त्यांचे पाच धडे प्रथम एका साप्ताहिकात आणि मग पुस्तकरूपाने आले. ते आजही छापले जातात. त्या धड्यांत हुकपासून बचाव करणारे पुष्कळ आहे. वाचणाऱ्या बहुसंख्य हौशी खेळाडूंचा रोग मात्र स्लाइस! मला वाटते, उत्तम खेळाडूचे पुस्तक बहुधा त्याच्या स्वतःच्या दुखण्याचे औषध असते. आपले दुखणे तेच आहे का, हे वाचणाऱ्याने पाहावे लागते.

जुना नियम इतका टिकला याची कारणे काय असावीत? एक तर छायाचित्रे बहुधा समोरून घेतलेली असत. तोंड आणि मार्ग यांतला दोन-चार अंशांचा फरक समोरून दिसत नाही, त्यासाठी वरून पाहायला हवे. दुसरे असे की शास्त्रज्ञांची पुस्तके शिक्षकांपर्यंत पोचत नव्हती. थिओडोर यॉर्गन्सन या अमेरिकन भौतिकीतज्ज्ञाने १९९४ साली गोल्फच्या भौतिकीवरच्या पुस्तकात तोंड आणि मार्ग यांचा संबंध एका तिरप्या प्रतलाच्या साहाय्याने नीट मांडला होता. ते पुस्तक विकत घेणारे प्रशिक्षक फारसे नसावेत.

निकाल लागला तो यंत्राने. २००३ साली डेन्मार्कमध्ये 'ट्रॅकमॅन' ही कंपनी स्थापन झाली. विमाने आणि तोफगोळे टिपणाऱ्या डॉप्लर रडारचेच तंत्र तिने गोल्फला लावले. रडार चेंडू आणि क्लब या दोघांचाही माग काढू लागले. आकडे पाहताच जुना नियम कोसळला. लांब फटक्याच्या क्लबला निघण्याच्या दिशेत सुमारे ८५ टक्के वाटा तोंडाचा आणि छोट्या लोखंडी क्लबला सुमारे ७५ टक्के, असे आकडे आता प्रशिक्षक सर्रास वापरतात. आपल्या कागदावरच्या हिशेबाने ८१ टक्के आले होते.

यंत्राशिवाय ही गोष्ट वर्गाच्या फरशीवर पाहता येते. खडूने एक लांब सरळ रेघ काढा आणि तिच्यावर टेनिसचा चेंडू ठेवा. एक जड फळी उभी धरून तिचे तोंड रेघेशी ३० अंशांनी तिरपे करा. तोच कोन ठेवून फळी रेघेवरून वेगाने सरकवा आणि चेंडूला लागताच थांबवा. चेंडू कोणत्या वाटेने जाईल ते मुलांना आधी फरशीवर खडूने काढायला सांगावे. बरीच मुले रेघेच्या जवळपासच काढतील. चेंडू फळीला काटकोनात असलेल्या दिशेपासून जेमतेम सात-आठ अंशच रेघेकडे झुकून जातो. फळीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा गुळगुळीत कागद लावून तेलाचे बोट फिरवले, तर तेवढाही झुकत नाही.